नातवाचा दात आणि माझी दाढ

माझ्या खालच्या जबड्यातली उजवीकडची एक दाढ आता तिथं नाही. ती कशी गेली याची हकिगत पलूसमध्ये माझ्याआधी आमच्या शेजारच्या सुभेदारांनी सांगून टाकली. त्यांच्या हकिगतीत मी दवाखान्याच्या खुर्चीवरून उठून पळालो आणि चौघांनी मला धरून परत आणलं, असं आहे. हे धादांत खोटं आहे. मी पळालो नाही. पळावंसं वाटलं होतं, पण वाटणं वेगळं आणि पळणं वेगळं. म्हणून खरं काय झालं ते आता मीच सांगतो.

सगळं सुरू झालं ते माझ्या नातवाच्या दातापासून. मल्हार वर्षाचा व्हायला थोडा अवकाश होता. त्याचा बाप, म्हणजे आमचा विश्वजीत, सैन्यात आहे आणि सध्या अरुणाचलात आहे. तिथून त्याचा व्हिडिओ कॉल येतो, त्यात निम्मा वेळ त्याचा चेहरा गोठलेला असतो आणि मल्हार त्या गोठलेल्या चेहऱ्याला टाळ्या वाजवतो. सून संयोगिता वीज कंपनीत कनिष्ठ अभियंता आहे. माहेर खंडाळ्याचं. खांबावर चढणारी माणसं तिच्या हाताखाली आहेत, आणि उसाला पाणी पाजायच्या वेळी लाईट गेली की तावातावानं ऑफिसात येणारे शेतकरीही तिच्यासमोर दोन मिनिटांत खुर्ची ओढून बसतात. मी घरचाच माणूस असल्यामुळं हे कौतुक बाहेर बोलून दाखवत नाही, पण इथं लिहायला हरकत नाही.

बाळंतपणाची रजा संपल्यावर ती कामावर गेली तेव्हा आता मल्हारला वरचं दूध सुरू होणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिनं तसं धरलं नव्हतं. सकाळी निघण्याआधी त्याला पाजायची, दुपारच्या सुट्टीत स्कूटीवरून घरी यायची, संध्याकाळी दारात हेल्मेट काढायच्या आत तो तिच्या अंगावर झेपावलेला असायचा. मधल्या वेळेसाठी ती स्वतःचं दूध काढून स्टीलच्या डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवायची आणि माझी बायको शालूबाई ते वाटी-चमच्यानं पाजायच्या. मी आयुष्यभर ज्या हायस्कूलमध्ये शिकवलं ते आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, तरी मला कधीकधी घंटा चुकायची. त्यामुळं ही कसरत पाहताना माझी मान आपोआप खाली जायची.

मान खाली जायला आणखी एक कारण होतं. आमच्या पिढीत सासऱ्यानं सुनेसमोर काही शब्द उच्चारायचे नसतात. मी विज्ञानाचा शिक्षक. 'सस्तन प्राणी' हा धडा मी इतक्या वेळा शिकवला आहे की वर्गातल्या मुलांना देवमासा तोंडपाठ होता. पण घरात हा विषय निघाला की मला खोकला यायचा. मी 'बाळाचा आहार' असा शब्द वापरायचो. संयोगिता मात्र सरळ म्हणायची, "आबा, त्याला पाजून येते मग जेवू." आणि मी पेपरमधल्या निविदा-सूचना वाचू लागायचो.

तर एका रविवारी शेजारचे सुभेदार आकाराम आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस, मिशा अजून सेवेत असल्यासारख्या. त्या मिशांकडं पाहून मल्हार खळखळून हसला आणि सुभेदारांनी पुढं वाकून त्याच्या तोंडात पाहिलं.

"मास्तर," ते म्हणाले, "ह्याच्या वरच्या दाताला कीड धरलीया. किडतोय त्यो."

मी चष्मा घालून पाहिलं. वरच्या पुढच्या दोन दातांवर, हिरडीला लागून, खडूनं ओढावी तशी एक पांढरी रेघ होती. आता दात हा माझा खास विषय. पटाशीचे, सुळे, उपदाढा, दाढा. आमच्या प्रयोगशाळेत प्लॅस्टरचा एक जबडा होता. त्याचा सुळा कुणीतरी पळवला तेव्हा मी तिथं खडूचा तुकडा घासून बसवला होता आणि तपासणीला आलेल्या साहेबांनाही तो कळला नव्हता. पण प्लॅस्टरच्या जबड्याला कीड लागत नाही, त्यामुळं या रेघेबद्दल मला काहीच सांगता येईना. शिक्षकाला उत्तर आलं नाही की त्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट गांभीर्य येतं. ते माझ्या चेहऱ्यावर आलं, आणि सुभेदारांनी त्याचा अर्थ संमती असा घेतला.

मग कारणाचा शोध सुरू झाला. सुभेदारांना शोध लागायला वेळ लागत नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं आईचं दूध सहा महिन्यांनंतर पातळ होतं, त्यात साखर तेवढी उरते आणि ती दाताला चिकटते. हे त्यांना कुठल्याशा छावणीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते डॉक्टर माणसांचे होते की खेचरांचे, हे मी विचारलं नाही. समोरच्या घरातल्या बनुबाईंनी तर ऐकल्याबरोबर दूध कसं तोडायचं याची कृतीच सांगितली. कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा, दोन दिवस पोर रडतं, तिसऱ्या दिवशी विसरतं. कुठं लावायचा हे त्यांनी इतक्या स्पष्टपणे सांगितलं की मी नळाला पाणी आलं का ते पाहायला परसात गेलो. पाणी येण्याची वेळ ती नव्हती.

संध्याकाळपर्यंत गल्लीचा निकाल लागला होता. दात किडतोय तो आईच्या दुधानं, आणि दोष कामावर जाऊनही दूध सोडायला तयार नसलेल्या आईचा. खंडाळ्याहून विहीणबाईंचा फोन आला, त्यांनाही हे कळलं होतं. कुणी कळवलं ते मला माहीत आहे, पण त्या व्यक्तीबरोबर मला रोज जेवायचं असतं. शालूबाई तशा सुनेच्या बाजूच्या, पण त्याही डगमगल्या. म्हणाल्या, वर्ष होत आलंच आहे, आता सोडवलं तर बिघडलं कुठं.

संयोगितानं हे सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कामावरून आली, मल्हारला घेतलं, आणि आत न जाता पायरीवरच बसली. मी अंगणात जास्वंदीला पाणी घालत होतो.

"आबा, खरंच माझ्यामुळं होत असेल का हो त्याला?"

या मुलीनं मला आजवर पुष्कळ प्रश्न विचारले आहेत, पण या आवाजात एकही नाही. चिडलेल्या जमावासमोर ट्रान्सफॉर्मर कधी बदलून मिळेल ते ठामपणे सांगणारी ही पोर, आणि आज सुभेदारांच्या खेचरांच्या डॉक्टरामुळं स्वतःकडं बोट वळवून बसली होती. मला राग आला. कुणाचा आला हे कळेना, म्हणून झारी जरा जोरात खाली ठेवली.

"तपासून घेऊ," मी म्हणालो. "अंदाजावर काही ठरवायचं नाही."

ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले सोडव, तर सोडवीन. गल्ली म्हणती म्हणून न्हाई."

अशा रीतीनं मल्हारचा दात डॉक्टरांना दाखवणं ही माझी जबाबदारी झाली. निवृत्तीनंतर मला पहिल्यांदाच एक मोहीम मिळाली होती आणि मी ती अत्यंत गांभीर्यानं घेतली.

प्रथम पलूसमधल्याच एका दातांच्या डॉक्टरांकडं गेलो. तरुण, सभ्य माणूस. त्यांनी मला आत बोलावलं, पेशंट कुठं आहे म्हणून विचारलं, आणि मी कडेवरचा पेशंट पुढं केला. ते म्हणाले, एवढं लहान बाळ मी कधी तपासलेलं नाही, पण बघतो. त्यांनी तर्जनी मल्हारच्या तोंडात घातली आणि मल्हारनं दात शाबूत असल्याचा पुरावा त्यांना तिथल्या तिथं दिला. बोटाला पट्टी गुंडाळत त्यांनी मला सांगितलं की सांगलीला लहान मुलांच्या दातांचे वेगळे डॉक्टर असतात, तिकडं जा. लहान मुलांच्या दातांचा वेगळा डॉक्टर असतो हे मला नवीन होतं. एवढ्याशा दातांना एवढा मोठा डॉक्टर, याचं मला फार नवल वाटलं.

संयोगितानं एक दिवसाची रजा काढली आणि आम्ही एसटीनं सांगलीला निघालो. शालूबाईंनी शेजारच्या सीटवरच्या बाईला आपण कुठं निघालो ते सांगितलं. त्या बाईंनी पुढच्या सीटला सांगितलं. तासगाव यायच्या आत अख्ख्या गाडीचं मल्हारच्या दाताबद्दल काही ना काही मत झालं होतं. एका गृहस्थानं तर दुधाचे दात पडणारच असतात तर त्यांचा उपचार करायचा कशाला, असा प्रश्न टाकला, आणि त्यावर दोन गट पडले. या सगळ्या गलक्यात मल्हार भुकेजला. संयोगितानं खिडकीकडं तोंड केलं, ओढणी घेतली आणि त्याला पाजलं. तिकडं दोन गटांची खडाजंगी चालू होती आणि ज्याच्यावरून चालू होती तो शांतपणे पीत होता. मी समोरच्या काचेतून रस्त्याकडं इतकं एकाग्र होऊन पाहत होतो की ड्रायव्हरनं एकदा आरशातून माझ्याकडं संशयानं पाहिलं.

सांगलीतल्या त्या मोठ्या सरकारी दवाखान्याचं नाव मी सांगत नाही, कारण शेवटी तिथंच आमचं भलं झालं. केसपेपरच्या खिडकीत एक गृहस्थ संगणकासमोर बसले होते. त्यांनी पेशंटचं वय विचारलं. अकरा महिने, मी म्हणालो. वर्षात सांगा, ते म्हणाले. वर्ष अजून झालेलं नाही, मी म्हणालो. मग शून्य येतं, ते म्हणाले, आणि दंत विभागाला शून्य चालत नाही. त्यांनी माझ्यासमोर शून्य टाकून दाखवलं आणि संगणकानं खरोखरच एक अपमानकारक आवाज काढला.

त्यांनी आम्हाला बालविभागात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी मल्हारला तराजूत बसवलं, वजन पाहून संयोगिताला शाबासकी दिली, बाळ एकदम छान आहे म्हणाले, आणि दात दाखवल्यावर हे आमच्याकडं नसतं, दंत विभागात जा, असं सांगितलं. आम्ही परत खिडकीत. रांग तोवर जिन्यापर्यंत गेली होती. माझा नंबर आला तेव्हा त्या गृहस्थांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. सरकारी नोकरीत दया ही नियमात बसवून करावी लागते, हे मीही जाणतो. ते म्हणाले, "सर, तुमचं नाव सांगा. तुमच्या नावानं पेपर काढतो. बाळ बरोबर न्या आणि आत सांगा."

मला ही युक्ती फार आवडली. नाथाजी मुळीक या नावानं दंत विभागाचा पेपर निघाला आणि संगणक एक अक्षर बोलला नाही.

आत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि सांगू लागलो की पेशंट मी नसून बाहेर आईजवळ आहे. त्या म्हणाल्या, बसून बोला. बसलो तर खुर्ची मागं गेली. पाय वर, डोकं खाली, डोळ्यांवर दिवा. आणि माणूस तोंड उघडून बोलत असताना त्यात आरसा घातला की बोलणं संपतं. त्या बाईंनी एक एक दात ठोकून पाहिला आणि खालच्या उजव्या दाढेपाशी आल्या. ती दाढ हलते हे मला माहीत होतं. मी तिच्याशी जुळवून घेतलं होतं, डावीकडून जेवत होतो, तक्रार अशी काही नव्हती.

"ही काढावी लागेल," बाई म्हणाल्या.

मी नातवाचा विषय पुन्हा काढणार, एवढ्यात शालूबाई दारातून आत आल्या. त्यांना माझ्या दाढेबद्दल जे जे वाटत होतं ते सगळं त्यांनी डॉक्टरांना सांगून टाकलं. शेंगदाणा चावता येत नाही, भाकरी दुधात बुडवून खातात, किती महिने मागं लागले तरी दवाखान्याचं नाव काढत नाहीत. माझ्या वतीनं एवढी बाजू कुणी कधी मांडली नव्हती. शेवटी बाळाचाही विषय निघाला. डॉक्टरीणबाईंनी पेपर उलटसुलट पाहिला आणि अडचण सांगितली. लहान मुलांच्या दातांच्या मॅडम आत होत्या, त्या बाळाला नक्की पाहतील. पण खिडकी आता बंद झाली होती. माझ्यावर काही उपचार झाला नाही तर हा पेपर इथंच मिटवावा लागेल आणि बाळासाठी परत यावं लागेल. उपचार चालू असला, तर याच पेपरवर बाळाला मॅडमकडं पाठवता येईल.

म्हणजे थोडक्यात, माझी दाढ जाईल तर नातवाचा दात पाहिला जाईल.

संयोगिताला पुन्हा रजा मिळणं अवघड होतं. शिवाय परत गेलो तर गल्लीत तो कडुनिंब वाट पाहत होता. मी खुर्चीच्या हातांना घट्ट धरलं. पळावंसं वाटलं ते याच वेळी. मग मी मान हलवली. शालूबाईंना ते इतकं अनपेक्षित होतं की त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आमच्या लग्नातही त्या रडल्याचं मला आठवत नाही.

इंजेक्शन दिलं, रक्तदाब पाहिला, सही घेतली, आणि दाढ निघाली. दुखलं नाही. पण मोकळ्या जागी कापसाचा बोळा आला आणि अर्धा जबडा, अर्धी जीभ आणि अर्धा ओठ माझे राहिले नाहीत. मॅडमकडं जाण्याआधी थोडा वेळ बाहेर बसा, असं सांगितलं म्हणून मी बाहेर आलो.

बाहेरच्या दालनात वेगळाच प्रकार चालला होता. मल्हारला पुन्हा भूक लागली होती आणि संयोगिता बाकावर बसून त्याला पाजत होती. ओढणी अंगभर होती. तिथले एक पहारेकरी, वयानं माझ्याएवढेच असतील, तिच्यासमोर उभे राहून अवघडलेल्या आवाजात सांगत होते की ताई, इथं न्हाई, माणसं बसल्यात, तिकडं जिन्याखाली आडोसा हाय. जिन्याखाली मोडक्या खाटा रचल्या होत्या. आजूबाजूची माणसं मोबाइलमध्ये पाहत होती आणि कान इकडं होते.

संयोगिता उठली नाही. आवाजही चढवला नाही. ज्या सुरात ती शेतकऱ्यांशी बोलते त्याच सुरात म्हणाली, "काका, माझ्या डोक्यावर बोर्ड हाय बघा. त्यावर काय लिहिलंय तेवढं वाचा."

भिंतीवर खरंच मोठा फलक होता. आई, बाळ, मागं उगवता सूर्य, आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर. पहारेकऱ्यांनी डोळे बारीक केले. त्यांच्याजवळ चष्मा नव्हता. ते नुसते वर पाहत राहिले.

मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. फळ्यावर काही लिहिलेलं आहे, समोर कुणाला ते वाचता येत नाही आणि वर्ग गप्प आहे, अशी स्थिती आली की शिक्षक जागा होतो. मी पुढं झालो, छडी नसल्यामुळं छत्री वर केली, एकेका शब्दाखाली धरली आणि खड्या आवाजात वाचलं.

"थ्थनफान... थर्वोत्तम... आहे."

सगळं दालन माझ्याकडं पाहू लागलं. एक तर कुणाला कळलं नाही, आणि शिवाय माझ्या ओठाच्या कोपऱ्यातून थोडी लाळ आली होती. मी रुमालानं ती पुसली आणि पुन्हा वाचलं. जीभ साथ देईना, म्हणून मग अक्षरं फोडून वाचलं. स. त. न. जो शब्द मी माझ्या घरात खोकल्याखाली दडपत आलो होतो, तो मी सुनेसमोर, बायकोसमोर आणि मिरज-सांगली-तासगावच्या जनतेसमोर जोडाक्षरासकट समजावून सांगितला. तिसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या आजींना तो कळला आणि त्यांनी शेजारणीला सांगितलं, बरोबर म्हणतायत की गुरुजी.

पहारेकरी पाऊलभर मागं सरले. मला वाटलं ते आता मलाही जिन्याखाली पाठवणार. पण त्यांनी कोपऱ्यातला उभा पंखा उचलून आणला, त्याचं तोंड संयोगिताकडं फिरवलं, आणि म्हणाले, "उकडतंय हितं लय. बसा ताई निवांत."

ती माझ्याकडं पाहून हसली. मी हसायचा प्रयत्न केला, पण निम्माच जमला.

लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर म्हणजे अक्षता मॅडम. जतकडच्या, बोलण्यात थोडा कानडी हेल. त्यांनी मल्हारला त्या मोठ्या खुर्चीत घातलंच नाही. संयोगिताच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या, बाळाचे पाय आईच्या मांडीवर आणि डोकं आपल्या मांडीवर घेतलं. मल्हारला वर पाहिलं की आई दिसत होती, त्यामुळं तो रडला नाही. मॅडमनी ओल्या कापडानं दात पुसले, छोटा दिवा धरून पाहिलं, आणि विचारायला सुरुवात केली. बाटली देता का? नाही. झोपताना दुधाची बाटली तोंडात? नाही. वरचं काय खातो? नाचणीची खीर, भात, वरण, केळं. संयोगिता एकेका प्रश्नाला नेमकं उत्तर देत होती, पण तिचे हात मल्हारच्या पायांवर घट्ट आवळलेले होते.

"गोड काय चाटवता?"

"काही नाही," संयोगिता म्हणाली.

शालूबाई छताकडं पाहू लागल्या. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "काकवी."

संयोगितानं वळून पाहिलं. मीही पाहिलं. ती कामावर गेली आणि मी बाजारात गेलो की सुभेदार मल्हारला आपल्या ओट्यावर नेत होते आणि गुऱ्हाळावरून आणलेल्या काकवीत बोट बुडवून त्याला चाटवत होते. सकाळी एकदा, दुपारी एकदा. पोरगं फौजेत जायचं तर हाडं घट्ट पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं. इतक्या प्रेमानं देतात तर नको कसं म्हणायचं, असं शालूबाईंचं म्हणणं होतं.

अक्षता मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की ही रेघ म्हणजे किडीची अगदी सुरुवात आहे, अजून खड्डा पडलेला नाही, वेळेत आणलंत म्हणून ती थांबवता येईल. वर्षाच्या आत बाळाला असलं गोड द्यायचंच नसतं. मग संयोगिताकडं पाहून म्हणाल्या, "तुमच्या दुधानं नाही झालं हे. आईचं दूध पिणाऱ्या मुलांचे दात पहिल्या वर्षात उलट चांगले राहतात. दूध थांबवू नका. काकवी थांबवा."

संयोगिता खिडकीकडं तोंड करून थोडा वेळ बसली. शालूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. मग संयोगितानं डोळे पुसले आणि अभियंत्यासारखे प्रश्न विचारले. किती दिवस चालू ठेवायचं? मॅडम म्हणाल्या, दोन वर्षं, आणि पुढंही तुम्हा दोघांना हवं तोवर. रात्रीचं काय? वर्षानंतर, सगळं खायला लागल्यावर, रात्रभर सारखं पाजणं हळूहळू कमी करा, आणि झोपण्याआधी दात स्वच्छ झालेच पाहिजेत. कशानं? मऊ लहान ब्रश, आणि पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांनी दातांना कसलासा औषधी लेप लावला, काही महिन्यांनी परत या म्हणाल्या, आणि निघताना माझ्याकडं पाहून विचारलं की आजोबांना काय झालं. मी सांगायला लागलो, पण माझ्या तोंडून जे निघालं त्यावरून त्यांनी मला शुभेच्छा दिल्या.

स्टँडवर दोघी सासू-सुनांनी भडंग खाल्ला. भडंगाचा वास सांगलीत ज्याला फक्त घेता येतो, त्याच्याइतका दुर्दैवी माणूस नाही. मी थंड दूध प्यालो. मल्हारनं माझ्या पेल्याकडं पाहून मोठ्या आपुलकीनं हात पुढं केला. त्या दिवशी आमचा आहार जवळजवळ सारखाच होता.

सुभेदारांना काकवीचं सांगायचं काम माझ्यावर आलं. मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी सगळं ताठ बसून ऐकलं. मिशांचं टोक एकदा हललं. मग आत गेले, काकवीची बरणी घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. "मास्तर, तुला आता चावता येत न्हाई. तूच खा." एवढंच म्हणाले. मी घरी परतल्यावर त्यांनी गल्लीला माझी पळण्याची हकिगत सांगितली, हा त्यांनी उगवलेला सूड. पण खरी गोष्ट अशी की त्या दिवसापासून मल्हारच्या तोंडाला त्यांच्याइतका कडक पहारा दुसऱ्या कुणाचा नाही. बनुबाई बत्तासा घेऊन आल्या तर त्यांना कुंपणावरूनच परत पाठवलं. संयोगिता दिसली की खुर्चीतून उठून उभे राहतात. तिला वाटतं त्यांचे गुडघे आखडले असावेत. ते काय आहे हे मला कळतं, कारण ते कुणासाठीही उठत नाहीत.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं आणि लाईट गेली. संयोगिता नुकतीच घरी आली होती आणि पुढच्या खोलीतच मल्हारला घेऊन बसली होती. फोन वाजला. झाडाची फांदी तारांवर पडली होती, अर्धं पलूस अंधारात होतं. तिनं खांद्यानं फोन धरून माणसांना कुठं थांबायचं ते सांगितलं, पण मल्हारला दूर केलं नाही. त्याचं पोट भरेपर्यंत बसली. मग त्याचं तोंड उघडून ओल्या फडक्यानं चारही दात पुसले, त्यानं नेहमीप्रमाणं बोट चावलं, तिनं नेहमीप्रमाणं आई गं म्हटलं, आणि त्याला माझ्या मांडीवर देऊन हेल्मेट घालून गेली. अंधारात तिच्या स्कूटीचा दिवा गल्लीच्या टोकाला वळताना दिसला.

मी आणि मल्हार ओट्यावर बसलो. सुभेदारही येऊन खुर्ची टाकून बसले. वारा पडला, लांब कुठंतरी माणसांचे आवाज येत होते. मल्हार ज्या बाजूला स्कूटी गेली त्या बाजूला पाहत होता. मीही तिकडंच पाहत होतो. बऱ्याच वेळानं एकदम सगळ्या गल्लीत दिवे लागले, घराघरांत पंखे फिरायला लागले, आणि पोरं ओरडली.

"आली," सुभेदार म्हणाले.

"अजून कुठं," मी म्हणालो. "यायची आहे."

सुभेदारांनी आधी डोक्यावरच्या दिव्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग मल्हारकडं. खुर्ची उचलून रस्ता दिसेल अशी फिरवली आणि आमच्याबरोबर तेही वाट बघत बसले.